सगळं बघायचं, की सगळ्यांनी बघायचं?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: वय 46, नोकरी करतात. नाताळच्या सुट्टीत त्या, त्यांचे यजमान, नववीतली मुलगी आणि 72 वर्षांच्या सासूबाई असे चौघं श्रीलंकेला जायच्या विचारात आहेत. सात रात्रींचं पॅकेज जवळपास ठरलंय. त्यात सिगिरिया, दंबुल्ला, पोलोन्नारुवा, मिन्नेरियाची हत्ती सफारी, त्रिंकोमालीचा समुद्र, पिन्नवलाचं हत्ती अनाथालय, कँडी, नुवारा एलिया, एला, याला राष्ट्रीय उद्यान आणि गॉल एवढं सगळं आहे, आणि सहा हॉटेलं. यजमान म्हणतात, ‘एवढे पैसे घालतोय, परत कधी जाणार? सगळं बघूनच येऊ.’ मुलीला बिबट्या बघायचाय. सासूबाई माळकरी आहेत, गुडघे दुखतात. त्यांना सीतामाईच्या देवळाची ओढ होती, पण हल्ली ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी’ म्हणायला लागल्यात. ‘आईंना न्यावं की नाही? नेलं तर चढणीच्या ठिकाणी मी त्यांच्यासोबत हॉटेलवर थांबेन. माझ्यामुळे या दोघांची ट्रिप अर्धवट राहायला नको. हत्तीवर बसणं आणि त्याला अंघोळ घालणंही पॅकेजमध्ये आहे, ते मला पटत नाही. पण बोलले तर मीच सगळ्यात खोडा घालते असं होईल.’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्या वाचनात एक गोष्ट निसटली होती. तुमच्या पत्रात तिघांना काय बघायचंय ते आहे. यजमानांना सगळं, लेकीला बिबट्या, सासूबाईंना देऊळ. तुम्हाला काय बघायचंय? त्याची एकही ओळ नाही. तुमच्या वाट्याला हॉटेलवर थांबण्याचं काम आलंय आणि ते तुम्ही स्वतःच वाटून घेतलंय, कुणी न सांगता. त्यामुळे आईंना न्यायचं की नाही या प्रश्नाकडे मी थोड्या वेळाने येते. आधी त्या पॅकेजकडे बघू, कारण खरी अडचण सासूबाईंच्या गुडघ्यांची नाहीच. ती त्या कागदावर आहे.

श्रीलंका नकाशावर छोटी दिसते. क्षेत्रफळ साधारण 65,600 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढं. त्यामुळे ‘एवढंसं तर बेट आहे, आठवड्यात होईल’ असं वाटतं. पण मधला सगळा भाग डोंगराचा. कँडी ते नुवारा एलिया हे जेमतेम पाऊणशे किलोमीटर अंतर कापायला अडीच-तीन तास लागतात, कारण रस्ता चहाच्या मळ्यांमधून वळत वळत चढतो. तुमच्या कागदावर ‘सकाळी कँडी दर्शन, दुपारी नुवारा एलिया, संध्याकाळी एला’ असं लिहिलेला जो दिवस आहे, तो प्रत्यक्षात गाडीच्या खिडकीतून बघायचा दिवस आहे. यजमानांना हे सांगताना ‘दगदग होईल’ म्हणू नका. नकाशा उघडून प्रत्येक टप्प्यापुढे किलोमीटर नव्हे, तास लिहा आणि कागद त्यांच्यापुढे ठेवा. ‘सगळं बघू’ म्हणणाऱ्या माणसाला आपण नेमकं किती बघणार आहोत, हे त्या तासांवरून कळतं.

दुसरी गोष्ट ऋतूची, आणि इथे पॅकेज करणाऱ्याने विचारच केलेला नाही. श्रीलंकेत पाऊस दोन बाजूंनी येतो. मे ते सप्टेंबरचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगराची पश्चिम बाजू भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारीचा ईशान्य मोसमी पाऊस पूर्व आणि उत्तर भागात पडतो. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा त्रिंकोमालीचा किनारा पावसात आणि समुद्र खवळलेला. त्याच वेळी गॉलकडचा दक्षिण किनारा मात्र छान असतो. मिन्नेरियाचं तसंच. तिथला तो प्रसिद्ध हत्तींचा मेळा साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये भरतो, कारण तेव्हा राजा महासेनाने बांधलेल्या त्या जुन्या तलावाचं पाणी ओसरतं, मोकळ्या झालेल्या जमिनीवर कोवळं गवत येतं आणि आजूबाजूच्या रानातले कळप चरायला उतरतात. डिसेंबरात तलाव भरलेला, गवत पाण्याखाली आणि हत्ती रानभर पांगलेले. तेव्हा त्रिंकोमाली आणि मिन्नेरिया या दोन नावांवर निःशंकपणे काट मारा. त्यात आईंचाही दोष नाही, तुमचाही नाही. तो पावसाचा हिशेब आहे.

आता हत्ती. तुम्हाला ते पटत नाही हे बरोबरच आहे, आणि यात ‘खोडा घालणं’ काही नाही. हत्तीच्या पाठीच्या मणक्यांना वर आलेली हाडं असतात. हौद्यात माणसं बसवून दिवसभर फिरवायला ती पाठ नाही. आणि जो हत्ती अनोळखी माणसांच्या गर्दीत निमूट पडून अंघोळ करून घेतो, त्याला तसं निमूट करायला आधी काय करावं लागलं असेल याचा विचार मुलीबरोबर बसून करा. नववीतल्या मुलीला ते नीट समजेल. पिन्नवला 1975 साली अनाथ पिल्लांसाठीच सुरू झालं, पण तिथले हत्ती रानात परत जात नाहीत, तिथेच राहतात. उलट दक्षिणेला उडवलावे अभयारण्याजवळ वन्यजीव खात्याचं ‘एलिफंट ट्रान्झिट होम’ आहे, 1995 पासून. आई गमावलेली पिल्लं तिथे वाढवतात आणि मोठी झाली की रानात सोडतात. दिवसातून ठरलेल्या वेळांना दूध पाजतात. पिल्लं टोळ्याटोळ्यांनी कान हलवत धावत येतात, माणूस नरसाळ्याला लावलेली नळी त्यांच्या तोंडात धरून वरून दूध ओततो, आणि आपला वाटा संपल्यावरही एखादं पिल्लू हटून उभंच राहतं. आपण दूर चौथऱ्यावरून बघायचं, हात लावायचा नाही. चढण नाही, जीपचे हिसके नाहीत. 72 वर्षांच्या बाईंना आणि 14 वर्षांच्या मुलीला एकाच वेळी आवडेल अशी ही त्या बेटावरची माझ्या मते सर्वांत उत्तम जागा आहे, आणि तुमच्या पॅकेजमध्ये नेमकी तीच नाही.

बिबट्याबद्दल मुलीशी आधीच मोकळेपणाने बोला. श्रीलंकेत वाघ-सिंह नाहीत, रानाचा राजा बिबट्याच, आणि यालाच्या ‘ब्लॉक वन’ या भागात तो बऱ्यापैकी दिसतो हे खरं. पण डिसेंबरात पाऊस होऊन गेलेला असतो, पाणी सगळीकडे, त्यामुळे जनावरं ठरलेल्या पाणवठ्यावर येतीलच असं नाही. शिवाय यालात एक वाईट प्रकार चालतो. एका जीपवाल्याला बिबट्या दिसला की फोनाफोनी होते आणि वीस-वीस जीपा धुरळा उडवत तिथे धडकतात. आपल्या चालकाला निघतानाच सांगा, की आम्हाला पळापळ नको, बिबट्या नाही दिसला तरी बक्षिशीत फरक पडणार नाही. हे वाक्य फार उपयोगी पडतं. मग तो मगरी, रानडुकरं, मोर, हरणांचे कळप, चित्रबलाक असं शांतपणे दाखवतो. एक दुपार आणि दुसऱ्या दिवशीची पहाट अशा दोन फेऱ्या ठेवल्या तर बिबट्या दिसायची शक्यता वाढते. यालाच्या जीपमध्ये सासूबाईंना मात्र बसवू नका. तो रस्ता गुडघ्यांसाठी नाही आणि कमरेसाठी तर मुळीच नाही.

आता सासूबाईंकडे येऊ. त्या ‘मी घरीच बरी’ कधीपासून म्हणायला लागल्या? पॅकेजचा कागद घरात आल्यावर का? मला तसाच संशय आहे. आपल्याकडची ज्येष्ठ माणसं नाही म्हणतात तेव्हा बरेचदा त्यांना जायचं नसतं असं नाही, त्यांना कुणाला अडचण व्हायचं नसतं. त्यांना ‘येणार का?’ असं विचारू नका. एखाद्या दुपारी शेजारी बसून विचारा, ‘आई, तिथे गेल्यावर तुम्हाला काय काय बघायचंय?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांवरची औषधं हे सगळं डॉक्टरांशी बोलून घ्या. डॉक्टरांनी सपाट चालायला हरकत नाही म्हटलं, तर त्यांना न्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र प्रवास त्यांना झेपेल असा आखून.

तो कसा आखायचा? सिगिरिया किंवा हबरणा भागात दोन रात्री, कँडीत एक, नुवारा एलियात दोन आणि दक्षिणेला यालाजवळच्या तिस्समहारामात दोन. सहाऐवजी चार मुक्काम होतात आणि मधल्या कुठल्याही दिवशी दोन गावं एकावर एक चढत नाहीत.

सिगिरियाच्या खडकावर जायला सुमारे 1200 पायऱ्या आहेत. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्या उभ्या कातळावर राजधानी उभारली. अर्ध्या वाटेवर भित्तिचित्रांतल्या त्या सुंदर स्त्रिया आहेत (तिथे फोटोला मनाई आहे), आरशासारखी घोटलेली भिंत आहे, तिच्यावर हजारेक वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी कोरलेल्या कविता आहेत, आणि मग सिंहाचे ते दोन प्रचंड पंजे. त्यांच्या मधून शेवटची चढण. कातळावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, म्हणून शांत राहण्याच्या पाट्या लावलेल्या असतात. त्या गंभीरपणे घ्या. सकाळी दार उघडताच चढायला लागलात तर ऊन तापायच्या आत खाली येता. आणि तुम्ही हॉटेलवर थांबणार नाही, चढणार आहात. एका सकाळी आई हॉटेलच्या व्हरांड्यात पोथी वाचत निवांत बसतील, हॉटेलवाल्यांना सांगून ठेवा, फोन जवळ द्या. घरी तुम्ही रोज ऑफिसला जाता तेव्हा त्या एकट्याच असतात ना? मग सिगिरियात तीन तासांनी असं काय बिघडणार आहे? चढण तुम्हाला स्वतःला नको असेल तर प्रश्न वेगळा. पण ‘मी थांबते’ हे उत्तर सवयीने देऊ नका.

त्याच दिवशी दुपारी, पाऊस नसेल तर, चौघांनी पोलोन्नारुवाला जावं. दंबुल्लाची लेणी देखणी आहेत, पण तिथे पुन्हा चढण आली. दोन्हींतलं एक निवडायचं तर या कुटुंबासाठी मी पोलोन्नारुवाच निवडेन. हे ठिकाण सपाट आहे, गाडी एका अवशेषापासून दुसऱ्यापर्यंत जाते. अकराव्या शतकात चोळांची सत्ता इथे होती, त्यांच्या काळातलं दगडी शिवालय अजून उभं आहे. तिथे आईंचे हात आपोआप जोडले जातील. पुढे गल विहार. बाराव्या शतकात पराक्रमबाहूच्या काळात एकाच कातळात कोरलेल्या बुद्धमूर्ती. त्यातली पहुडलेली मूर्ती सुमारे 14 मीटर लांब. सगळे तिचा चेहरा बघतात आणि निघतात. तुम्ही डोक्याखालची उशी बघा. डोक्याच्या भाराने ती जिथे दबलीये ती खळी दगडात कोरलीये. मग पायांकडे या. वरचं पाऊल खालच्यापेक्षा किंचित मागे सरकलेलं आहे, ती महापरिनिर्वाणाची खूण. पादत्राणं काढावी लागतात आणि ऊन असेल तर दगड चांगलाच तापतो, म्हणून पायमोजे जवळ ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमानाचं मानतात, मुलीला आधीच सांगा.

कँडीच्या दंतमंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या देवळात, पहाटे, सकाळी साडेनऊच्या सुमारास आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पूजा होते. ढोल-सनईच्या आवाजात रांग सरकते. दात दिसत नाही, दिसते ती सोन्याची मंजुषा, तीही क्षणभर, हे आईंना आधी सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. त्यांची सुती नऊवारी किंवा पांढरी साडी असेल तर तिथे त्या अगदी घरच्या वाटतील, कारण भाविक पांढऱ्यातच येतात. डिसेंबरची पौर्णिमा म्हणजे ‘उंदुवप पोया’. अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेत आली, त्याचं स्मरण त्या दिवशी करतात. ती तुमच्या तारखांत येत असेल तर देवळात गर्दी खूप, सुट्टीचा दिवस, दारूविक्री बंद. गर्दीची तयारी असेल तर मी म्हणेन तो दिवस चुकवू नका.

कँडीहून नुवारा एलियाला रेल्वेने जाता येतं, नानू ओया स्टेशनवर उतरायचं. एलापर्यंतच्या सहा-सात तासांच्या प्रवासापेक्षा हा चारेक तासांचा टप्पा आईंना झेपेल. आरक्षित तिकिटं महिनाभर आधी खुली होतात आणि लगेच संपतात. सामान गाडीवाल्याकडे द्या, तो रस्त्याने नानू ओयाला येतो. मात्र नोव्हेंबर 2025 च्या दितवाह चक्रीवादळात या डोंगरी रेल्वेमार्गाचं खूप नुकसान झालं, म्हणून कुठल्या टप्प्यात गाडी धावते आहे याची खात्री करूनच बेत करा. आणि मुलीला दारात लटकून फोटो काढू देऊ नका. त्यात पर्यटकांचे जीव गेले आहेत.

नुवारा एलिया जवळजवळ 1,900 मीटरवर आहे, रात्री स्वेटर लागतोच. सीता अम्मन मंदिर गावापासून थोड्याच अंतरावर, बदुल्ल्याच्या रस्त्यालगत, ओढ्याकाठी आहे, आणि पुढेच हकगलाची बाग. ही सकाळ पूर्ण आईंची. घाई करायची नाही, त्यांना तिथे बसून हरिपाठ म्हणायचा असेल तर म्हणू द्या. यजमान आणि लेकीला भटकायचं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर जाऊ द्या. नऊएक किलोमीटरची पायपीट आहे आणि सकाळी उशीर झाला की ‘वर्ल्ड्स एंड’चा कडा धुक्यात जातो.

चहाच्या मळ्यात फक्त फोटो काढून येऊ नका. 1867 साली जेम्स टेलरने लुलकंदुरा इथे चहाची लागवड केली, पुढे रोगाने कॉफी बुडाली आणि डोंगरच्या डोंगर चहाखाली आले. पानं खुडणाऱ्या बायकांचे पूर्वज तमिळनाडूतून मजूर म्हणून नेलेले. 1948 च्या कायद्याने त्यातल्या लाखोंचं नागरिकत्व गेलं आणि ते परत मिळवायला पुढच्या पिढ्यांना कित्येक दशकं लागली. दोन पानं आणि एक कळी, असं दिवसभर खुडत त्या उभ्या उतारावर असतात. त्यांचा फोटो काढायचाच तर आधी विचारा.

नुवारा एलियाहून दक्षिणेला उतरताना एला वाटेतच आहे. तो डोंगराचा पूर्वेकडचा उतार, डिसेंबरात तिथे पाऊस असू शकतो. उघडीप असेल तर चहाला थांबा, रावण धबधबा रस्त्यालगतच आहे. मुक्कामाची गरज नाही. शेवटच्या दिवशी विमान रात्री उशिराचं असेल तर एक निवड करावी लागेल. उडवलावेची पिल्लं, की गॉलचा डच किल्ला? किल्ल्याच्या तटावरून समुद्र बघत चालणं सुरेखच आहे, आणि द्रुतगती मार्गाने विमानतळ गाठणंही सोपं. पण हा निर्णय आजी आणि नातीने मिळून घ्यावा असं मला वाटतं.

जेवणाचं एक. श्रीलंकेत ‘उंबलकड’ म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा खोबऱ्याच्या चटणीत आणि कित्येकदा भाजीतही घालतात. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘मासे नको, उंबलकड नको’ असं प्रत्येक ठिकाणी सांगा. इडिअप्पम, डाळीची ‘परिप्पू’ आणि नारळाच्या दुधाचा पातळ रस्सा यांवर आईंचं छान भागेल.

यजमानांशी बोलताना ‘हे काढा, ते काढा’ अशी सुरुवात करू नका. ते ‘सगळं’ म्हणतात त्यात पैसे फुकट जाऊ नयेत ही काळजी आहे आणि ती रास्त आहे. त्रिंकोमाली, मिन्नेरिया, पिन्नवला आणि दोन हॉटेलं वगळल्यावर रक्कम किती कमी होते ते कंपनीला लेखी विचारा. त्याच पैशात चौघांपुरती ऐसपैस व्हॅन आणि तळमजल्यावरच्या खोल्या मागा. चालकाच्या राहण्या-जेवणाची सोय आहे का हेही विचारा, कारण थकलेला चालक डोंगरात नको. सार्क देशांच्या पासपोर्टवर सिगिरियासारख्या ठिकाणी परदेशी दरात सवलत मिळते, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ बाळगा. ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच काढा.

असाच बेत करणाऱ्या इतर वाचकांनी एवढं लक्षात घ्यावं, की हाच मार्ग जुलै-ऑगस्टमध्ये चालणार नाही. तेव्हा मिन्नेरिया आणि त्रिंकोमाली आत घ्यायचं, दक्षिण किनारा वगळायचा. सप्टेंबरमध्ये याला उद्यान बहुधा बंद असतं. जानेवारी ते मार्च डोंगरांसाठी सर्वांत चांगले.

आणि तुम्ही, ताई, नवा कागद कंपनीला पाठवण्याआधी त्यात स्वतःच्या आवडीचं एक ठिकाण लिहा. कुठलंही चालेल, फक्त ते तुमचं हवं. मग ते काढायची वेळ आली, तर इतरांच्या ठिकाणांइतकीच चर्चा त्यावरही व्हायला हवी.